संगणकाला सोबत घेऊन संगीत रचणाऱ्या काइया सारिआहो : यंत्र नेमकं काय करतं आणि माणूस काय करतो?

1 डिसेंबर 2016. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा पडदा उघडला आणि रंगमंचावर समुद्र दिसला. पाण्याचा नव्हे, दिव्यांचा. आडव्या ताणलेल्या तारांवर हजारो एलईडी लुकलुकत होते. खाली वाद्यवृंदातून मंद, खोल, हळूहळू रंग बदलणारा आवाज येत होता. ऑपेराचं नाव 'लामूर द ल्वँ', म्हणजे 'दुरून केलेलं प्रेम'. रचनाकार होत्या फिनलंडच्या काइया सारिआहो.

दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये एक आकडा गाजला : 113. या संस्थेत त्याआधी एखाद्या स्त्रीनं रचलेला ऑपेरा झाला होता तो 1903 मध्ये. इंग्लंडच्या एथेल स्मिथ यांचा 'डेअर वाल्ड'. मधली 113 वर्षं एकही नाही.

या आकड्यामुळे एक दुसरी गोष्ट थोडी मागे पडली. सारिआहो यांच्या संगीताची भाषा घडली ती संगणकाच्या सोबतीनं. तीसुद्धा 1980च्या दशकात, जेव्हा संगणक बहुतेकांच्या घरात नव्हता आणि ध्वनीचं साधं विश्लेषण करायलाही बराच वेळ लागायचा.

आज एक ओळ टाइप केली की अख्खं गाणं तयार करून देणारी ॲप्स मोबाइलवर आहेत. त्यामुळे 'संगणकाच्या मदतीनं रचलेलं संगीत' म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, बटण दाबलं आणि संगीत बाहेर पडलं. सारिआहो यांचं काम जवळपास याच्या उलट होतं. ते कसं, हे समजून घेऊया.

काइया सारिआहो कोण होत्या?

14 ऑक्टोबर 1952 रोजी हेलसिंकीत त्यांचा जन्म झाला. घरात संगीताचं वातावरण नव्हतं. पण लहानपणी रात्री झोपताना त्यांना संगीत ऐकू यायचं आणि ते उशीतून येतंय असं वाटायचं. मग त्या आईला सांगायच्या, ही उशी बंद कर. ही आठवण त्यांनी पुढे अनेक मुलाखतींमध्ये सांगितली.

त्या व्हायोलिन, पियानो आणि ऑर्गन शिकल्या. काही काळ चित्रकलेचं शिक्षणही घेतलं. आपण रचनाकार होऊ शकतो, हा विश्वास मात्र लवकर आला नाही, कारण समोर तशी उदाहरणंच नव्हती. शेवटी 1976 च्या सुमारास त्या हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत पावो हाइनिनेन यांच्याकडे रचना शिकू लागल्या. त्यांच्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांमध्ये मागनुस लिंडबर्ग आणि एसा-पेक्का सालोनेन होते. पुढे दोघंही जगप्रसिद्ध झाले. या तरुण मंडळींनी एक गट काढला, 'कोर्वात आउकी'. अर्थ : कान उघडे.

त्या काळात युरोपातल्या नव्या शास्त्रीय संगीतावर कडक नियमांची पकड होती. चाल नको, ठेका नको, ओळखीचे स्वरमेळ नकोत. सारिआहो पुढे जर्मनीत फ्रायबुर्गला ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस ह्युबर यांच्याकडे शिकल्या. तिथेही या नियमांचा जाच त्यांना जाणवत राहिला. संगीत निषेधांच्या यादीवर का उभं करायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तराची दिशा मिळाली ती 1980 मध्ये, जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या उन्हाळी शिबिरात. तिथे त्यांनी फ्रान्सच्या जेरार ग्रिझे आणि त्रिस्तां म्युराय यांचं संगीत ऐकलं. हे रचनाकार स्वरांच्या नियमांपासून नाही, तर प्रत्यक्ष आवाजापासून सुरुवात करत होते.

आवाजापासून सुरुवात म्हणजे काय?

हे समजायला पॅरिसला जायची गरज नाही. तानपुरा पुरेसा आहे.

नीट जुळलेला, जवारी उत्तम लागलेला तानपुरा शांतपणे ऐकला, तर एक गंमत कळते. तारा फक्त पंचम आणि षड्जात लावलेल्या असतात. गंधाराची तार नसतेच. तरीही खर्जाची तार छेडली की त्यातून गंधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला 'स्वयंभू गंधार' म्हणतात.

हा गंधार येतो कुठून? तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. पूर्ण लांबीनं, अर्ध्यानं, एक तृतीयांशानं, एक चतुर्थांशानं, एक पंचमांशानं. समजा मूळ कंपनसंख्या सेकंदाला 100 आहे. तर त्याच वेळी 200, 300, 400, 500 अशी कंपनंही मंदपणे चालू असतात. 200 म्हणजे वरचा षड्ज, 300 म्हणजे पंचम, 400 म्हणजे त्याहून वरचा षड्ज आणि 500 म्हणजे शुद्ध गंधार.

म्हणजे आपण ज्याला एक स्वर म्हणतो तो खरं तर अनेक स्वरांचा समूह असतो. यातला कोणता घटक किती जोरात आहे, कधी वर येतो, कधी विरतो, यावर आवाजाचा पोत ठरतो. एकच षड्ज बासरीवर, सारंगीवर आणि हार्मोनियमवर वेगळा लागतो तो यामुळे. आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पोत म्हणजे त्यातली ही 'जाती'.

ग्रिझे, म्युराय आणि त्यांच्या सोबत्यांनी या तिसऱ्या गुणालाच संगीताचा पाया केलं. ग्रिझे यांची 'पार्तिएल' ही 1975 ची रचना याचं ठळक उदाहरण आहे. ट्रोंबोनच्या एका खर्जातल्या स्वराचं विश्लेषण करून त्यातले घटक स्वर 18 वादकांमध्ये वाटून दिले. एक वाद्य जे एकट्यानं करतं, ते 18 जण मिळून मोठं करून दाखवतात. एखाद्या पानाकडे भिंगातून बघावं, तसं. या विचाराला पुढे 'स्पेक्ट्रल' संगीत असं नाव पडलं.

आता अडचण बघा. एका स्वरात असे डझनावारी घटक असतात, शिवाय प्रत्येकाचा जोर क्षणाक्षणाला बदलतो. कान कितीही तयार असला तरी हे सगळं मोजून कागदावर मांडणं माणसाला शक्य नाही. संगणकाची गरज लागली ती इथे.

तळघरातली प्रयोगशाळा

1982 मध्ये सारिआहो पॅरिसला आल्या. कारण होतं 'इरकाम' नावाची संस्था. रचनाकार पिअर बुलेझ यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली आणि 1977 मध्ये सुरू झालेली ही संस्था पॅरिसच्या पाँपिदू केंद्राशेजारी, मुख्यतः जमिनीखाली आहे. इथे संगीतकार, ध्वनिशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ एकाच छताखाली काम करतात.

संगणक आणि संगीत यांचं नातं तेव्हा नवीन नव्हतं. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 मध्येच संगणकातून संगीताचे सूर काढले होते. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी संगणकाला संगीताचे नियम आणि संभाव्यतेची गणितं शिकवून चार तंतुवाद्यांसाठी 'इलियाक सूट' तयार करवून घेतलं. 1962 मध्ये यानिस झेनाकिस यांनी आयबीएमच्या संगणकावर गणित मांडून वाद्यांसाठी रचना केल्या.

पण या जुन्या प्रयोगांमध्ये आणि इरकामच्या कामात एक फरक होता. हिलर यांचा प्रश्न होता, यंत्र संगीत रचू शकतं का? इरकाममध्ये आलेल्या सारिआहोंसारख्या रचनाकारांचा प्रश्न वेगळा होता. मला जे ऐकायचंय, तिथपर्यंत पोहोचायला यंत्र मदत करू शकतं का?

त्यांचं पहिलं महत्त्वाचं उत्तर म्हणजे 1982 ची 'वेर ल ब्लाँ', म्हणजे 'पांढऱ्याकडे'. ही साधारण 15 मिनिटांची रचना. त्यात 'शाँ' नावाची प्रणाली वापरली होती, जी माणसाच्या गळ्यासारखा आवाज कृत्रिमपणे तयार करायची. रचनेत घडतं काय? तीन स्वरांचा एक मेळ हळूहळू सरकत दुसऱ्या तीन स्वरांच्या मेळापर्यंत जातो. बस्स, एवढंच.

हे सरकणं इतकं संथ आहे की ऐकताना स्वर हलतोय हे कळतच नाही. संध्याकाळी उजेड कमी होतो तसं. कमी होताना दिसत नाही, पण थोड्या वेळानं लक्षात येतं की अंधार पडलाय. कोणताही गायक एका श्वासात 15 मिनिटं अशी मींड घेऊ शकत नाही. संगणकाला श्वास घ्यावा लागत नाही. म्हणूनच ही कल्पना त्याच्यासाठी होती.

दोन टोकांमधला प्रवास

'वेर ल ब्लाँ'मधली कल्पना पुढे त्यांच्या सगळ्या कामाचा कणा झाली. गणिताच्या भाषेत तिला अंतर्वेशन म्हणतात. दोन टोकं ठरवायची आणि मधले टप्पे काढायचे.

एक सोपं उदाहरण घ्या. एका टोकाला 440 कंपनांचा स्वर आणि दुसऱ्या टोकाला 550 चा. 10 समान टप्प्यांत जायचं तर 440, 451, 462, 473 असं 11-11 नं चढत जाता येईल. आता पियानोवर 440 नंतरची पुढची पट्टी 466 च्या आसपास आहे. 451 पियानोवर नाहीच. व्हायोलिन किंवा चेलोवर मात्र बोट थोडं सरकवून तो काढता येतो. मग तो अचूक ठेवायचा की जवळच्या पाव स्वराशी जुळवायचा?

एका स्वरासाठी हे हातानं करता येईल. पण आठ स्वरांचा मेळ असेल, प्रत्येक स्वर वेगळ्या वेगानं सरकत असेल, सोबत आवाजाचा जोर आणि लयही बदलत असेल, तर आकडेमोडीची वहीच भरेल. संगणक हे काही क्षणांत करून देतो. आवडलं नाही तर टोकं बदलून पुन्हा. पुन्हा नाही आवडलं तर पुन्हा.

संगणकसाहाय्यित रचना म्हणतात ती हीच. यात साधारण तीन कामं असतात :

- विश्लेषण : खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून त्यातले घटक स्वर वेगळे करणं.
- सामग्री तयार करणं : त्या घटकांवरून स्वरमेळ, लयीचे आकार, टप्पे यांचे अनेक पर्याय काढणं.
- पडताळणी : ते पर्याय ऐकून बघणं आणि वादकांना वाजवता येतील अशा स्वरलिपीत आणणं.

या तिन्हींच्या मधे आणि शेवटी रचनाकार बसलेला असतो. कोणता आवाज घ्यायचा, कोणतं टोक निवडायचं, शंभर पर्यायांतले नव्याण्णव का टाकायचे, हे यंत्र सांगत नाही.

चेलो आणि ध्रुवीय प्रकाश

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं? त्यासाठी 1986 ची 'लिष्टबोगन' ऐकावी. बासरी, तालवाद्यं, पियानो, हार्प आणि तंतुवाद्यं असे नऊ वादक, सोबत लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स. नावाचा अर्थ प्रकाशाची कमान. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री हिरवट पडद्यासारखा हलणारा प्रकाश पाहून ही रचना सुचली.

पण प्रकाशातून स्वर कसे मिळणार? त्यासाठी त्या चेलोकडे वळल्या. चेलोवर स्वच्छ, काचेसारखा पातळ स्वर धरायचा आणि मग गजाचा दाब वाढवत न्यायचा. स्वर हळूहळू फाटतो, त्यातून एकाच वेळी अनेक सूर ऐकू येतात आणि शेवटी निव्वळ खरखर उरते. अशा आवाजाचं इरकामच्या संगणकांवर विश्लेषण केलं आणि त्यातून जे घटक स्वर सापडले, त्यांवर रचनेचा स्वरमेळ उभा केला.

थोडक्यात, एका चेलोचा स्वर फाटतानाचे क्षण हे 'लिष्टबोगन'चं बीज आहे. आकाशातला प्रकाश जसा एकदम बदलत नाही, विरघळत विरघळत बदलतो, तसंच हे संगीत बदलतं.

इथे त्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला, जो 1987 मध्ये त्यांच्या लेखातूनही आला. पाश्चात्त्य संगीत शेकडो वर्षं ताण आणि सुटका या जोडीवर चाललं. कर्कश मेळ आला की ताण, सुरेल मेळ आला की सुटका. जुने स्वरमेळ सोडून दिले तर ही जोडी कशी मिळवायची? सारिआहो यांचं उत्तर होतं : स्वच्छ स्वर आणि खरखर. बासरीतून निर्मळ स्वर निघतो ती सुटका. त्याच बासरीत नुसती फुंकर ऐकू येते तो ताण. आणि या दोन टोकांमध्ये असंख्य पायऱ्या.

या पायऱ्या त्यांच्या स्वरलिपीतही दिसतात. गज नेहमीच्या जागेवरून घोडीजवळ हळूहळू न्यायचा असेल, तर बाण काढलेला असतो. दाब वाढवायचा असेल, तर त्याची वेगळी खूण. स्वर तोच राहतो, पण त्याचा पोत बदलत जातो. त्यामुळे वादकाला प्रत्येक क्षणी आपल्या आवाजाकडे कान देऊन वाजवावं लागतं.

1984 ची 'फेरब्लेन्डुंगन' याच विचाराचं आधीचं रूप. वाद्यवृंद आणि टेप अशी ही रचना. टेपवरचा सगळा आवाज व्हायोलिनच्या फक्त दोन आवाजांतून घडवलेला आहे : गजाचा एक जोरदार आघात आणि बोटानं छेडलेली तार. वाद्यवृंद खरखरीकडून स्वच्छ स्वराकडे जातो आणि टेप उलट दिशेनं. रचना सुरू होते तीच कळसावर. नंतर ती ओसरत जाते. चित्रकलेचं शिक्षण इथे उपयोगी पडलेलं दिसतं, कारण रचनेचा आकार त्यांनी ब्रशच्या एका फटकाऱ्यासारखा कल्पिला होता. सुरुवातीला जाड रंग आणि शेवटाकडे विरळ.

असं करणाऱ्या त्या एकट्या होत्या का?

नाही. इरकाममधलंच दुसरं नाव म्हणजे इंग्लंडचे जोनाथन हार्वे. 1980 मध्ये त्यांनी विंचेस्टर कथीड्रलच्या मोठ्या घंटेचा नाद आणि तिथल्या गायकवृंदात गाणाऱ्या आपल्या मुलाचा आवाज घेतला. घंटेच्या नादाचं संगणकावर विश्लेषण करून त्या घटकांवर अख्खी रचना बांधली. मुलाचा आवाज घंटा होतो आणि घंटा गाऊ लागते.

हार्वे यांच्या कामाला भारताचाही धागा आहे. 1982 च्या त्यांच्या रचनेचं नावच 'भक्ती' आहे. वाद्यं आणि संगणकावर घडवलेली टेप यांच्यासाठी असलेल्या या रचनेच्या प्रत्येक भागाला ऋग्वेदातल्या वचनांची जोड दिलेली आहे.

पुढे ही साधनं सोपी होत गेली. 1980च्या दशकात मिलर पकेट यांनी इरकाममध्ये 'मॅक्स' ही प्रणाली लिहिली. मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरूनच तिचं नाव ठेवलं. फिनलंडच्या मिकाएल लाउरसन यांचं 'पॅचवर्क' आणि त्यातून पुढे आलेलं इरकामचं 'ओपनम्युझिक' यांत कोडच्या लांब ओळी लिहाव्या लागत नाहीत. पडद्यावर चौकोन ठेवायचे आणि ते रेषांनी जोडायचे. एका चौकोनात स्वरमेळ, दुसऱ्यात एखादी क्रिया, तिसऱ्यात निघालेली स्वरलिपी. 'ओपनम्युझिक' आज मोफत मिळतं. जे काम एकेकाळी पॅरिसच्या तळघरातच होऊ शकत होतं, ते आता पुण्यातल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरही होऊ शकतं.

यंत्रापासून माणसाच्या गोष्टीकडे

प्रयोगशाळेतलं संगीत म्हटलं की कोरडेपणाची शंका येते. सारिआहो यांचा प्रवास मात्र तिथून थेट ऑपेरापर्यंत गेला.

1996 ची 'लोन' ही रचना एक गायिका आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यासाठी आहे. शब्द आहेत बाराव्या शतकातल्या झोफ्रे रुदेल या फ्रेंच कवीचे. तिथून 'लामूर द ल्वँ' जन्माला आला. संहिता लिहिली लेबनॉनमध्ये जन्मलेले फ्रेंच लेखक अमीन मालूफ यांनी. पहिला प्रयोग झाला ऑगस्ट 2000 मध्ये, साल्झबुर्ग महोत्सवात.

कथा साधी आहे. रुदेल समुद्रापलीकडच्या त्रिपोलीच्या क्लेमांसवर प्रेम करतो. तिला त्यानं कधी पाहिलेलं नाही. एक यात्रेकरू दोघांचे निरोप नेतो-आणतो. शेवटी रुदेल समुद्र ओलांडायला निघतो, वाटेत आजारी पडतो आणि तिच्या मिठीत प्राण सोडतो.

'दोन टोकं आणि मधला प्रवास' हीच कल्पना इथे माणसांची गोष्ट होऊन येते. दोन किनारे, दोन माणसं, मध्ये समुद्र. वाद्यवृंदाच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्स आहे, पण ऐकताना ते वेगळं काढून दाखवता येत नाही. पाण्यात मीठ विरघळावं तसं ते मिसळलेलं आहे. 2003 मध्ये या ऑपेराला ग्रावेमायर पुरस्कार मिळाला.

2021 मध्ये एक्साँ-प्रोव्हाँसच्या महोत्सवात त्यांचा 'इनोसन्स' हा ऑपेरा आला. विषय होता शाळेतला गोळीबार आणि मागे राहिलेल्यांचं दुःख. त्यात पात्रं वेगवेगळ्या भाषांत गातात आणि बोलतात. तंत्रातून आलेली रचनाकार तोपर्यंत आजच्या जगाच्या सर्वात दुखऱ्या जागेपर्यंत पोहोचली होती.

आणि 113 वर्षांच्या त्या आकड्याचं काय? सुरुवातीची अनेक वर्षं 'स्त्री-रचनाकार' हे विशेषण त्यांना नको असायचं. माझ्या संगीताबद्दल बोला, असा त्यांचा आग्रह होता. नंतर मात्र त्या उघडपणे बोलू लागल्या. पुढच्या पिढीतल्या मुलींनाही तेच अडथळे येताना दिसत होते आणि गप्प बसून काही बदलत नव्हतं. 2016 च्या त्या रात्री वाद्यवृंदाचं संचालनही सुसाना माल्की या स्त्री संचालकानंच केलं.

यंत्र जुनं झालं की संगीताचं काय?

या मार्गाची एक किंमत आहे आणि ती फारशी बोलली जात नाही.

बेथोव्हनची स्वरलिपी 200 वर्षांनंतरही वाचता येते. पण 1980च्या दशकातल्या संगणकासाठी लिहिलेली प्रणाली आज चालवायची कशी? ती यंत्रं बंद झाली, सुटे भाग मिळत नाहीत, फ्लॉपी वाचणारे संगणकही उरले नाहीत. इरकामचाच 'फोर-एक्स' हा एकेकाळचा अत्याधुनिक ध्वनिसंगणक काही वर्षांत कालबाह्य झाला. त्याच्यासाठी केलेल्या रचना जिवंत ठेवायला त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स नव्या यंत्रांवर पुन्हा बसवावं लागलं.

हे नुसतं फाइल कॉपी करणं नसतं. जुन्या यंत्राचा प्रतिध्वनी नेमका कसा होता? नव्या यंत्रात तो जास्त स्वच्छ येतोय, मग तसाच ठेवायचा की जुना मळकटपणा परत आणायचा? असे निर्णय घ्यायला संगीत आणि संगणक दोन्ही कळणारी माणसं लागतात. रचनाकार हयात असेल तर विचारता येतं. नसेल तर कान आणि नोंदी यांवरच भिस्त.

सारिआहो यांच्या कामात यावर एक उत्तर लपलेलं आहे. त्यांनी संगणकाकडून काढून घेतलेलं बरंचसं शेवटी कागदावर, वादकांच्या स्वरलिपीत उतरवलं. चेलोचं विश्लेषण करणारी यंत्रं गेली, पण त्यातून निघालेले स्वरमेळ आजही वाजवता येतात.

मग एआय ॲपमध्ये आणि यात फरक काय?

जून 2024 मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या मोठ्या संगीत कंपन्यांनी 'सुनो' आणि 'युडिओ' या एआय संगीत कंपन्यांवर अमेरिकेत खटले भरले. आमची गाणी परवानगी न घेता वापरून तुम्ही यंत्र शिकवलं, असा आरोप होता. पुढे काहींनी समझोतेही केले. मूळ प्रश्न मात्र अजून चर्चेत आहे : यंत्रानं दिलेलं संगीत नेमकं कोणाचं?

सारिआहो यांच्या बाबतीत हा प्रश्न उभाच राहत नाही. दोन्ही ठिकाणी संगणक आहे, पण तीन मोठे फरक आहेत.

पहिला फरक सामग्रीचा. एआय ॲप आधी झालेल्या अगणित गाण्यांवरून शिकतं. सारिआहो यांनी संगणकाला दिला तो एका चेलोचा फाटणारा स्वर. इतरांचं संगीत नव्हे.

दुसरा फरक निकालाचा. ॲप तयार गाणं देतं. 'ओपनम्युझिक'सारखी प्रणाली देते ती कच्ची सामग्री. एक भाजी चिरून देतो, दुसरा डबा घरी पोहोचवतो.

तिसरा फरक वेळेचा. ॲपचं आश्वासनच आहे की मेहनत वाचेल. सारिआहो यांची मेहनत संगणकामुळे वाचली नाही, उलट वाढली. कारण आता जास्त बारीक ऐकायचं होतं, जास्त पर्यायांतून निवडायचं होतं. यंत्रामुळे त्यांचे कान आणखी तीक्ष्ण झाले, निवृत्त झाले नाहीत.

यातून एआय वाईट आणि जुनं ते चांगलं असा सरसकट निष्कर्ष काढायचं कारण नाही. पण संगणक वापरला की नाही, हा प्रश्नच पुरेसा नाही हे लक्षात येतं. ऐकण्याचं आणि निवडण्याचं काम कोणी केलं, हे विचारायला हवं.

शेवटची रचना

2019 मध्ये बीबीसी म्युझिक मॅगझिननं रचनाकारांचाच कौल घेतला, तेव्हा हयात रचनाकारांमध्ये सारिआहो यांचं नाव सर्वात वर आलं. 2021 मध्ये त्यांना मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालं. आजारातही त्या लिहीत राहिल्या. 2 जून 2023 रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. त्या 70 वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीत त्यांची शेवटची रचना पहिल्यांदा वाजली. ट्रंपेट आणि वाद्यवृंदासाठीची. ट्रंपेटवर फिनलंडचे वेर्नेरी पोहयोला होते. रचनेचं नाव 'हश', म्हणजे 'चूप'.

सारिआहो यांचं संगीत कधीच ऐकलं नसेल, तर 'लिष्टबोगन'पासून सुरुवात करता येईल. हेडफोन लावा आणि चाल शोधू नका. तानपुरा जुळवताना त्यातला गंधार ऐकायला जसे कान लावतात, तसे लावा. कोणता स्वर कुठे संपला आणि खरखर कुठे सुरू झाली, हे एकदा पकडायचा प्रयत्न करा. नेमकी जागा सापडणार नाही. त्या तिथेच काम करत होत्या.